बारुतचे गुडघे

बारुत म्हणजे बंदुकीची दारू. पिल्लू घरी आणलं तेव्हा नेवेनाला वाटलं होतं, काळंकुट्ट आहे, डोळ्यांत ठिणगी आहे, मोठं झालं की धडाका उडवेल. धडाका कसला, निघाला भिजलेला फटाका! न्यूफाउंडलंड जातीचा तो कुत्रा वाढत वाढत शिंगराएवढा झाला, पण खिडकीत पारवा फडफडला तरी सोफ्यामागे जाऊन लपायचा, आणि अर्धाअधिक बाहेरच उरायचा. बल्गेरियातल्या रुसे शहरात डॅन्यूब नदीच्या काठावर त्याला फिरायला नेलं की अनोळखी पोरं त्याच्या पाठीवर बसायची आणि तो चाटून चाटून त्यांची तोंडं धुऊन द्यायचा.

तर अशा या बारुतनं सप्टेंबरातल्या एका रविवारी, आयुष्यात पहिल्यांदाच, मांजराचा पाठलाग केला. पाठलाग कसला, दोनचार ढांगा. मग तो एकदम कळवळला आणि मागचा डावा पाय वर घेऊन तीन पायांवर उभा राहिला. मांजरही थोडं पुढं जाऊन थांबलं आणि वळून बघू लागलं. त्यालाही वाईट वाटलं असावं.

प्राण्यांची डॉक्टर इस्क्रा ही बाई नेवेनाच्या खांद्याला लागेल एवढी, पण आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा. तिनं बारुतला आडवं केलं, एक हात गुडघ्याच्या वर ठेवला, एक खाली, आणि हलकेच दाबलं.

"बघा. टेबलाचा खण कसा पुढं सरकतो? तसं हे हाड सरकतंय. सरकायला नको."

"त्या मांजरामुळे झालं हो सगळं," नेवेना म्हणाली.

"मांजराला कशाला बदनाम करता? गुडघ्याच्या आत दोर असतो, लिगामेंट. तो असा एका दिवसात तुटत नाही. महिनोन्‌महिने आतल्या आत विसविशीत होत जातो. आज शेवटचा धागा गेला, एवढंच. मला सांगा, हा बसताना पाय बाजूला फेकून बसायचा का?"

"हो. मला वाटायचं, ऐटीत बसतो."

"झोपेतून उठला की आधी लंगडायचा, मग सरळ चालायचा?"

"हो. पण तसं तर माझंही होतं."

"आणि हे वजन?"

"हाडापेरानंच मोठा आहे तो."

"हाडं मी एक्स-रेत पाहिली," डॉक्टर म्हणाली. "हाडं बिचारी आपल्या जागी आहेत. उरलेलं काय आहे ते तुम्हाला माहीत."

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. नडगीचं हाड कापायचं, थोडं फिरवायचं, पट्टी आणि स्क्रू लावून बसवायचं, म्हणजे तुटलेल्या दोरावाचूनही गुडघा जागेवर राहील. एवढ्या मोठ्या कुत्र्याला दुसरा चांगला उपाय नाही. आणि एक गुडघा गेला की दुसराही जाण्याचा संभव निम्मा, तेही मनात ठेवा. ऑपरेशननंतर दोनएक महिने धावणं बंद, उड्या बंद, जिने तर अजिबात बंद.

"कितव्या मजल्यावर राहता?"

"पाचव्या."

"लिफ्ट?"

इथं नेवेनाला हसू फुटलं. ही तिची जुनी खोड. घोर संकट आलं की रडू यायच्या जागी हसू यायचं. घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशासमोर ती खुदुखुदू हसली होती आणि बिचाऱ्या न्यायाधीशाला वाटलं होतं की बाई नवऱ्यावर फार नाराज नाही. ती ट्रॉलीबस, म्हणजे वरच्या विजेच्या तारेवर चालणारी बस, चालवायची. भर चौकात दांडी तारेवरून निसटून गाडी बंद पडली आणि मागच्या साऱ्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, की ही हसत हसत खाली उतरायची. मागचे आणखी चिडायचे.

"बंद पडलेल्या लिफ्टमध्ये," ती कसंबसं म्हणाली, "तोता आजींच्या कुंड्या आहेत. आणि लोणच्याच्या बरण्या. तिथं थंड राहतात म्हणे."

ऑपरेशन चांगलं झालं. टॅक्सीवाल्यानं इमारतीच्या दारात सोडलं, बारुतच्या पोटाखालून टॉवेल घालून तिनं त्याला जिन्यापर्यंत आणलं, आणि तिथं दोघंही थांबली. वर जिना. खाली बारुत. त्याचा डावा पाय मांडीपर्यंत भादरलेला, सोललेल्या कोंबडीसारखा, आणि चेहरा असा की हे सगळं कुणाचं तरी, माझं नव्हे.

तळमजल्यावरच्या तोता आजी सिगरेट घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरचे दोघे कठड्यावरून वाकले. चाक लावा, दोरीनं ओढा, अग्निशामक दलाला बोलवा, असे सल्ले वरून पावसासारखे पडू लागले. सल्ल्यांना कुठं वजन असतं!

तेवढ्यात बाहेरून मेतोदी आला. दोन्ही हातांत लाल मिरच्यांच्या पिशव्या, काखेत तिसरी. तो चौथ्या मजल्यावर राहायचा, बरोबर नेवेनाच्या खाली, आणि या दोघांच्यातून विस्तव जात नव्हता. भांडणाचं मूळही विस्तवच. दर शरदात तो बाल्कनीत शेगडीवर पोतंभर ढोबळ्या मिरच्या भाजायचा आणि त्यांचा धूर वर नेवेनाच्या वाळत घातलेल्या पडद्यांत शिरायचा. एका वर्षी ती सांगून थकली, आणि मग बादलीभर पाणी वरून ओतून मोकळी झाली. शेगडी विझली, मिरच्या पोहल्या, मेतोदीच्या मिशीतून पाणी गळलं. दुसऱ्या रविवारपासून तो पहाटे बाल्कनीत उभं राहून बोटीवरची पितळी घंटा बडवू लागला. उभी हयात डॅन्यूबवर दुसऱ्या बोटी ओढणारी टगबोट चालवलेला माणूस, त्याला पहाटेचं काय! तेव्हापासून चार वर्षं अबोला.

मेतोदीनं पिशव्या खाली ठेवल्या. बारुतकडे वरून खाली पाहिलं, बाजूनं पाहिलं, क्रेननं उचलायच्या खोक्याकडे बघावं तसं.

"बारुत," तो म्हणाला, "तुझ्या मालकिणीला विचार, इथंच पथारी पसरायचा बेत आहे का?"

नेवेनानं हनुवटी वर केली. "बारुत, या गृहस्थांना सांग, आम्हाला पंख नाहीत."

"बारुत, तिला म्हणावं, पंख नसले तर ताडपत्री चालते."

"मेल्यांनो," तोता आजी ओरडल्या, "कुत्र्याचं ऑपरेशन झालंय, त्याला दुभाषी कशाला करता!"

मेतोदी वर गेला आणि बोटीवरची जुनी ताडपत्री घेऊन आला. सोबत बोट काठाला ओढायच्या दोन लांब काठ्या, टोकाचे आकडे काढलेल्या. जिन्याच्या पायरीवर बसून त्यानं दोऱ्या ओवल्या, गाठी मारल्या, एकेका गाठीवर स्वतःचं वजन टाकून बघितलं. बारुतला वर सरकवलं. तो उताराच्या बाजूला राहिला, कारण तिथं भार जास्त, आणि नेवेना वरच्या बाजूला, पाठमोरी, जिना चाचपत. म्हणजे दोघं समोरासमोर, मध्ये कुत्रा. चार वर्षं ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून ती कचरा टाकायच्या वेळा बदलत होती, ते तोंड आता तिच्यापासून एका कुत्र्याच्या अंतरावर होतं, आणि बघायला दुसरं काही नव्हतं.

"बारुत, तिला सांग, वळणावर काठी उंच."

"बारुत, त्यांना सांग, मला दिसतंय."

"बारुत, तिला सांग, दिसतंय तर कोपर भिंतीवर का आपटलं?"

पाचव्या मजल्यावर पोचली तेव्हा दोघांना धाप लागली होती. बारुत मात्र ताडपत्रीवर पाय पसरून, डोळे अर्धे मिटून पडला होता. इतक्या वर्षांत ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली कशी नाही, असा त्याचा चेहरा होता.

"सकाळी?" मेतोदी भिंतीला विचारत असल्यासारखा म्हणाला.

"पहिली पाळी आहे," नेवेना दाराला म्हणाली. "सहाच्या आत."

"बारुतला सांगा, मी उठलेलाच असतो."

"ते सगळ्या इमारतीला माहीत आहे," ती म्हणाली, आणि दार लावून आतल्या बाजूला हसत बसली.

मग हे रोजचंच झालं. सकाळी खाली, सकाळी वर, संध्याकाळी खाली, संध्याकाळी वर. बारुत आठवडाभरात तरबेज झाला. ताडपत्री उलगडल्याचा आवाज आला की लंगडत येऊन तो तिच्यावर मधोमध पडायचा. तुर्की सरदाराची पालखी निघावी तसं "पाशा निघाले!" असं कुणीतरी ओरडायचं, दारं उघडायची, लोक त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला यायचे, आणि पाशा प्रत्येक मजल्यावर पंजा लोंबता सोडायचे. कुणी पंजाला हात लावे, कुणी तोंडात सॉसेज सरकवायला बघे. तेव्हा मेतोदी गरजायचा, "दूर! माल मोजून भरलाय!" डॉक्टर इस्क्रानं वजन उतरवायला सांगितलं होतं, आणि ते वजन शेवटी मेतोदीच्याच खांद्यावर होतं. पथ्याचा एवढा कडक पहारेकरी डॉक्टरलाही मिळाला नसता.

समोरासमोर असलेली माणसं किती दिवस गप्प राहणार? आणि बारुतमार्फत बोलायचं म्हटलं तरी बोलणं ते बोलणंच.

"बारुत, हिला सांग, मी बायकोलाही एवढं उचललं नव्हतं."

"बारुत, विचार त्यांना, बायको कशानं गेली?"

मेतोदीनं काठीवरची मूठ बदलली. मग म्हणाला, "बारुत, तिला सांग, हृदयानं. मी नदीवर होतो. व्हिएन्नाच्याही वर. येईपर्यंत सगळं आटपलं होतं."

नेवेना पुढच्या वळणावर थांबली. "बारुत," ती हळूच म्हणाली, "त्यांना सांग, मला ठाऊक नव्हतं."

ऑक्टोबर आला आणि नेवेनाचं काहीतरी बिनसलं. किंवा जुळलं म्हणा. ट्रॉलीबस चालवता चालवता ती गुणगुणू लागली. एकदा बाजाराचा थांबा न घेताच पुढं गेली, आणि टोपल्या घेतलेल्या बायका मागून ओरडल्या, "अहो बाई, लग्नाला निघालात की काय?" ती इतकी लाजली की पुढच्या थांब्यावर दोनदा दारं उघडली आणि दोनदा लावली. संध्याकाळी तिनं इस्त्रीचा निळा ब्लाउज घातला.

तोता आजींनी धूर सोडला. "अगं नेवेना, कुत्रा उचलायला जातेस ना? की ऑपेराला?"

"हाच हाताशी आला, आजी."

"हं. आणि कानातली? तीही हाताशीच आली?"

मेतोदीही कमी नव्हता. मिशी कातरली होती, गालावर वस्तऱ्याचे ताजे ओरखडे होते, आणि कोलनचं सुगंधी पाणी असं थापलं होतं की दुसऱ्या मजल्यापासून बारुतला शिंका सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कुत्र्याची शिंक म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. प्रत्येक शिंकेला ताडपत्री हिंदकळायची, काठ्या करकरायच्या, नेवेना एक पायरी मागं जायची आणि मेतोदी एक पायरी खाली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बारुतनं अशी एक जबर शिंक दिली की मेतोदीचा पाय निसटला.

"मेतोदी! सांभाळ!" नेवेना किंचाळली.

त्यानं कठडा धरला. ताडपत्री स्थिर झाली. कुणालाच काही झालं नाही. पण दोघंही जागच्या जागी थबकली, कारण ती सरळ त्याच्याशी बोलली होती, नावानं, आणि वर एकेरीत. बारुतनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दुभाष्याची नोकरी गेल्यावर दुभाषी जसा बघेल तसं.

"सांभाळलं," मेतोदी म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे. ते कोलन मात्र धुऊन टाक."

डिसेंबरात एक्स-रे काढला. डॉक्टर इस्क्रानं तो उजेडासमोर धरला. "सुंदर! हाड सांधलं. असं हाड रोज दिसत नाही. आता हळूहळू जिना चढू द्या, पट्टा हातात ठेवून. खुश ना?"

"फार," नेवेना म्हणाली. तिचा चेहरा मात्र मयतीला निघाल्यासारखा.

घरी मेतोदी ताडपत्री घेऊन तयार उभा होता. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आणखी एखादा आठवडा उचलावं. जपलेलं बरं."

"जपलेलं बरंच," मेतोदी म्हणाला, आणि काठी धरण्यासाठी इतक्या लगबगीनं वाकला की डोकं कठड्यावर आपटलं.

तो आठवडा लांबला. त्याचे दोन झाले, अडीच झाले. आणि मग एका संध्याकाळी, दोघं बारुतला उचलायला वाकलेली असताना, चौथ्या मजल्यावर मेतोदीच्या शेजारच्या घरात कुणीतरी मांसाचे गोळे तळायला घेतले. बारुतनं नाक वर केलं. ताडपत्रीवरून उठला, दोघांच्या मधून निघाला, आणि दोन दोन पायऱ्या गाळत असा वर गेला की जिना थरारला. दोघं खाली रिकामी डोली धरून उभी. वरून मिटक्यांचा आवाज आला.

तोता आजी दारातच होत्या. "पाशा पायी गेले वाटतं," एवढंच त्या म्हणाल्या.

आता बोलायला काय उरलं? मेतोदीनं ताडपत्रीची घडी घातली. फार वेळ घातली. कोपऱ्याला कोपरा जुळेना. "बरा झाला. चांगलं झालं," तो म्हणाला.

"चांगलंच झालं," नेवेना म्हणाली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. बारुतला पट्टा धरून ती चौथ्या मजल्यावरून जाताना मुद्दाम किल्ल्या खळखळायची. मेतोदी मुद्दाम कचरा टाकायला निघायचा. "थंडी पडली." "पडली खरी." एवढंच. एकदा त्यानं दार ठोठावून मीठ मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी तेच मीठ परत केलं. भांडणात चार वर्षं बिनघोर गेली होती, पण या सभ्यपणात चार आठवडे काढणं नेवेनाला जड झालं. तिला तर वाटायचं, पुन्हा एक बादली ओतावी, निदान वर येऊन ओरडेल तरी.

जानेवारीच्या शेवटी बारुत एका सकाळी उठला आणि उजवा पाय टेकेना.

या वेळी मेतोदी दवाखान्यात सोबत आला होता. अर्थात उचलायला. डॉक्टर इस्क्रानं उजवा गुडघा दोन्ही हातांत धरला, दाबला, मान हलवली.

"मला भीती होतीच. मन घट्ट करा. दुसराही गेला. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पट्टी, पुन्हा दोन महिने जिना बंद."

"वा!" मेतोदी म्हणाला.

डॉक्टरनं वळून बघितलं. मेतोदीनं तोंडावर हात ठेवला. आणि नेवेना! तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं होतं की भिंतीवरच्या तक्त्यातला सांगाडासुद्धा उजळला. ती ओठ चावत होती, छताकडे बघत होती, काही उपयोग होत नव्हता. खांदे गदगदू लागले, डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी ती बारुतच्या मानेत तोंड खुपसून मोठमोठ्यानं हसू लागली.

"तुम्ही दोघं बरी आहात ना?" डॉक्टरनं विचारलं. "मी तुमच्या कुत्र्याचा गुडघा गेला म्हणतेय!"

"माझं सोनं ते," नेवेना हसता हसता बारुतला म्हणत होती, "माझं शहाणं, गुणाचं, माझ्या गरिबा, माफ कर रे मला." आणि आता त्या हसण्यात खरं रडूही मिसळलं, कारण बारुत दुखऱ्या पायानं तिथं पडलेला असूनही शेपटी हलवत होता. सगळे इतके खुश आहेत म्हणजे आपणच काहीतरी चांगलं केलं असणार, असं त्याला वाटत असावं.

ती शेपटी बघून मेतोदीचा धीर सुटला. त्यानं टोपी काढली, हातात पिळली.

"नेवेना, मला एक सांगायचंय. माझं एक घर आहे. गावाबाहेर, नदीच्या कडेला. द्राक्षाचा वेल आहे, चूल आहे. बैठं घर. एक पायरीसुद्धा नाही."

नेवेनाचं हसू थांबलं. "कधीपासून?"

"आजोबांपासून."

"म्हणजे सप्टेंबरात होतं?"

"होतं."

"आणि मी सप्टेंबरापासून पाच मजले, दिवसातून चारदा, उलटी चालत... मेतोद्या! माझी कंबर!"

"मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो. खरंच. पण तू ते पंखांचं बोललीस, आणि मग वर जाताना समोर होतीस. कुत्र्याला तिथं नेलं असतं तर तू मला जिन्यात कशाला भेटली असतीस?"

नेवेनानं हातातल्या पट्ट्यानं त्याला एक फटका मारला. मग दुसरा, पण तो हळू होता. मग म्हणाली, "मीही खोटं बोलले. डिसेंबरात डॉक्टरांनी जिना चढवा म्हणून सांगितलं होतं. तो आठवडा मी माझ्या पदरचा घातला."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला होता. म्हटलं, बरा झाला असला तरी आणखी थोडे दिवस उचललं तर चालेल का?"

"आणि मी म्हटलं होतं," डॉक्टर इस्क्राचा भोंगा वाजला, "कुत्र्याला चालेल, पण तुमच्या डोक्याचा एक्स-रे काढा! आता बाहेर व्हा दोघं. काय हसायचं, मारायचं ते व्हरांड्यात. शेजारच्या खोलीत सशाला भूल दिलीय, तो जागा होईल!"

दुसरं ऑपरेशन झालं आणि बारुत नदीकाठच्या घरी गेला. मेतोदीनं चुलीपाशी त्याला गादी घातली, आणि स्वतःही तिथंच मुक्काम हलवला, रात्री कुत्रा उठला तर कोण बघणार म्हणून. नेवेना पाळीच्या आधी बारुतला बघायला यायची, पाळी संपली की बारुतला बघायला यायची, आणि सुट्टीच्या दिवशी तर बारुतला बघायला सकाळीच यायची. पहिल्या आठवड्यात सपाता आणल्या. दुसऱ्या आठवड्यात बनित्साचा मोठा गोल साचा आणला, कारण मेतोदीच्या भांड्यांत चीज घातलेली ती पापुद्र्यांची पोळी धड भाजली जात नव्हती. तिसऱ्यात पडदे आले.

"पडदे?" मेतोदी म्हणाला. "इथं मी मिरच्या भाजतो."

"बाहेर भाज. वारा बघून भाज."

बारुतला रोज अंगणात पट्ट्यावर थोडं थोडं चालवायचं असे. आधी वेलापर्यंत, मग कुंपणापर्यंत. मार्चमधल्या एका दुपारी, तो पट्टा एका बाजूनं नेवेनानं आणि एका बाजूनं मेतोदीनं धरलेला असताना, मेतोदी कुंपणाकडे बघत म्हणाला, "बारुत, हिला विचार, माझ्याशी लग्न करतेस का?"

नेवेना हसायला लागली. कुंपणाला धरून हसली, खाली बसून हसली. मेतोदी बिचारा पांढराफटक. त्याला तिची खोड एव्हाना पक्की ठाऊक होती, आणि म्हणूनच त्याला काही कळेना.

"अगं बाई, हे संकट आलंय म्हणून हसतेयस की काय?"

"नाही रे," ती डोळे पुसत म्हणाली. "हे साधं हसू आहे. करते."

जूनमध्ये डॉक्टर इस्क्रा एका रविवारी स्वतःच नदीकाठी आली. तिचं लग्नाचं जेवण चुकलं होतं, ते वसूल करायचं होतं, आणि बारुतला पोहवायचंही होतं. पोहण्यानं गुडघ्यावर भार पडत नाही आणि मांड्या भरतात, ती म्हणाली. घरामागे नदीचा एक वळसा आत शिरला होता, तिथं पाणी संथ होतं. नेवेनाची दुपारची पाळी होती, म्हणून ती गणवेशातच काठावर उभी होती.

बारुत कधी पोहला नव्हता. डॅन्यूब त्यानं रोज पाहिली होती, पण तिच्याकडे पाठ करून. मेतोदी अर्ध्या चड्डीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हाका मारू लागला. बारुतनं एक पंजा घातला, काढला, झटकला. दुसरा घातला. पोटाला पाणी लागलं तेव्हा तो दचकून थांबला. मग आणखी एक पाऊल टाकलं, आणि त्या पावलाखाली जमीनच नव्हती.

तो बुडाला नाही. उलट तरंगला. त्याचे डोळे विस्फारले. त्यानं मागचे दोन्ही पाय हलवले, हवे तसे, हवे तितके, आणि काहीच दुखलं नाही. एक गोल घेतला. दुसरा घेतला. बदकांची एक रांग त्याच्यापुढून गेली तर त्यांच्या मागं शेवटचं बदक होऊन लागला. नेवेना काठावर टाळ्या पिटत नाचू लागली, आणि नाचता नाचता चिखलावरून घसरून तशीच, गणवेशासकट, पाण्यात बसली.

बारुतनं ते पाहिलं. आणि बुडत्या खलाशांना वाचवण्यासाठी नावाजलेल्या त्याच्या वाडवडिलांनी जे राखून ठेवलं होतं ते सगळं एकदम त्याच्या अंगात आलं. तो सरळ तिच्याकडे पोहत आला, बाही दातांत धरली आणि तिला ओढू लागला.

"अरे सोड! मी बसलेय नुसती! गुडघाभर पाणी आहे!"

कोण ऐकतो! त्यानं तिला काठावर आणून ठेवलं आणि लगेच परत फिरला. आता मेतोदीची पाळी. मेतोदी आयुष्यभर या नदीवर राहिलेला, तिच्यात न बुडता म्हातारा झालेला. त्यानं पोहून पळायचा प्रयत्न केला, पण बारुतनं चड्डी धरली.

"चड्डी! नेवेना, याला सांग, चड्डी नको!"

"बारुत," नेवेना गवतावर लोळत ओरडली, "त्यांना वाचव!"

मेतोदी चड्डी एका हातानं आणि अब्रू दुसऱ्या हातानं सांभाळत काठाला लागला. बारुतनं अंग झटकलं, दोघांना पुन्हा भिजवलं, आणि इकडेतिकडे पाहिलं. काठाच्या अगदी कडेला, टाचा उंच करून, डॉक्टर इस्क्रा त्याच्या पायांकडे टक लावून बघत होती.

"डाव्यात ताकद भरलीय," ती स्वतःशीच म्हणत होती, "उजवाही छान वाकतोय, फक्त मला जरा जवळून..."

"डॉक्टर, मागे व्हा!" मेतोदी ओरडला.

उशीर झाला होता. बारुतला बहुधा वाटलं, ही छोटी बाई पडायच्या बेतात आहे. आधी वाचवलेलं बरं. त्यानं तिचा स्कर्ट धरला, पण वाचवायचं तर आधी बुडायला हवं, म्हणून तिला पाण्यात नेलं, गळ्यापर्यंत नेलं, आणि मग मोठ्या मायेनं परत आणू लागला.

"उत्तम!" डॉक्टर इस्क्राचा भोंगा नदीपलीकडच्या रोमानियाच्या काठापर्यंत ऐकू गेला. "दोन्ही गुडघे उत्तम! जोर बघा काय आहे! आता सोड मला, गाढवा, सोड!"